नव्या गावातला उन्हाळा, घरातली फाईल आणि फोनवरचा चोर

(सानपाड्यातल्या एका सोसायटीच्या गच्चीवर मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्त्या बत्तीस वर्षं बँकेत नोकरी करून निवृत्त झाल्या असून दोन वर्षांपूर्वी मिरजेहून सानपाड्यात राहायला आल्या. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागच्या रांगेत आवाज पोचतोय ना? पोचतोय. छान.

आपल्याकडे व्याख्यानाचा आणि उन्हाळ्याचा जुना संबंध आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती १८७५ साली. दिवसभर उकडायचं, संध्याकाळी वारा सुटला की लोक येऊन बसायचे. आज आपणही तसेच गच्चीवर बसलोय. फरक एवढाच की मी काही विद्वान नाही. मला इथे बोलावलंय ते मी फसले म्हणून. (हशा) हसा, हसा. पण गोष्ट पूर्ण ऐका.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. मिरजेचं घर आवरून मी मुलाकडे सानपाड्याला आले. घर नवीन घेतलेलं, म्हणजे आमच्यासाठी नवीन. आधी दुसरं कुटुंब राहत होतं. सामान येऊन चार दिवस झाले होते. एकूण तेवीस खोकी, त्यातल्या अकरा खोक्यांवर माझ्याच हाताने लिहिलेलं होतं, ‘इतर’. (हशा) बँकेत मी लोकांना फॉर्मवर ‘इतर’ला टिक करू देत नसे, आणि घर बांधताना मीच ‘इतर’!

मुलगा आणि सून कामावर. संध्याकाळी पावणेसातला मोबाईलवर मेसेज आला. ‘तुमचं मागचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीजपुरवठा बंद होईल, ताबडतोब या अधिकाऱ्याशी बोला.’ खाली नंबर. आता बघा, मे महिना, अंगाला चिकटणारी हवा, मिरजेचा उन्हाळा कोरडा आणि इथला दमट, त्याची सवय नाही. पंखा बंद पडला तर रात्र कशी काढायची, हा पहिला विचार. दुसरा विचार, मीटर अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे, त्यांनी बिल भरलं की नाही कोण जाणे. म्हणजे मेसेज मला खराच वाटला. मी फोन लावला.

तिकडचा माणूस अगदी अदबीने बोलला. ‘मॅडम, फक्त दहा रुपये भरा, सिस्टीममध्ये नोंद होईल.’ मदतीसाठी एक ॲप घ्यायला सांगितलं. ते स्क्रीन शेअर करायचं ॲप होतं. म्हणजे माझ्या फोनवर जे दिसतं ते सगळं त्याला दिसत होतं. मी दहा रुपये भरायला कार्डाचा नंबर टाकला, तो त्याने पाहिला. ओटीपी आला, तोही पाहिला. मी त्याला तोंडाने एक आकडासुद्धा सांगितला नाही. तरी सात वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत दोन वेळा मिळून ४८,५०० रुपये गेले.

मला हे कळलं कसं? मेसेजवरून नाही. मी घाबरून खाली वॉचमनकडे गेले आणि विचारलं, ‘दादा, आपल्या बिल्डिंगची लाइट कापायला कोणी आलंय का?’ ते म्हणाले, ‘मॅडम, रात्री साडेनऊला कोण येतंय लाइट कापायला? आधी नोटीस येते.’

एवढंच वाक्य. बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला जे सुचलं नाही, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. कारण त्यांना हे गाव माहीत होतं. मला नव्हतं.

नवखा माणूस का सापडतो

नंतर मी पुष्कळ विचार केला. मी अडाणी नव्हते. ओटीपी देऊ नका असं मी काउंटरवर बसून शेकडो लोकांना सांगितलंय. मग फसले का? तर त्या दिवशी तीन गोष्टी एकत्र आल्या. मला इथलं कोणी माहीत नव्हतं. माझे कागद कुठे आहेत ते माहीत नव्हतं. आणि मला घाई करायला लावली. या तीनपैकी एक जरी नसती तरी मी वाचले असते.

समजा बिलाची फाईल हाताशी असती. महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, मागच्या महिन्याची भरलेली रक्कम असते, तक्रारीचा नंबर असतो. बिल समोर असतं तर कळलं असतं की मागचं भरलेलं आहे. जुन्या मालकांनी ते भरलं होतं, पावतीसुद्धा दिली होती. ती कुठे होती? ‘इतर’मध्ये! (हशा)

आणि नियम काय सांगतो? वीज कायदा २००३, कलम ५६. थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री साडेनऊला’ हा प्रकार कायद्यात नाहीच. शंका आली तर १९१२ हा वीज तक्रारीचा क्रमांक आहे, नाहीतर बिलावर छापलेला क्रमांक लावा. मेसेजमधला लावू नका. फोन आपण लावायचा, आणि नंबर आपल्या कागदावरचा असला पाहिजे. आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य न्यायचं असेल तर हे घेऊन जा.

आता आपलं गाव बघा. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ ची. म्हणजे इथे ‘आमच्या पणजोबांपासून’ असं म्हणू शकतील ते गावठाणातले आगरी-कोळी लोक. बाकी आपण सगळे कुठून ना कुठून आलेले. कोणी सातारचे, कोणी रत्नागिरीचे, कोणी केरळातून, कोणी पंजाबातून. दर उन्हाळ्यात शाळा संपल्या की ट्रक येतात, खोकी उतरतात. म्हणजे आपल्या गावात दर मे महिन्यात माझ्यासारख्या चार बायका तरी नवख्या असणारच. हे त्या फोनवरच्या चोराला बरोबर माहीत असतं असं नाही, तो हजारो लोकांना एकच मेसेज टाकतो. पण लागतो कोणाला? नवख्याला.

खोकी उघडताना

म्हणून मी घर लावण्यापासून सुरुवात करते. स्वयंपाकघर नंतर लावा. चार दिवस एका पातेल्यात भागतं. पहिल्या दिवशी कागदांचं खोकं उघडा.

मी पाच फाईली केल्या. पहिली घराची: करारनामा, सूची क्रमांक दोन, सोसायटीच्या देखभालीच्या पावत्या, भाड्याचं घर असेल तर नोंदणी केलेला भाडेकरार. दुसरी बिलांची: वीज, पाइप गॅस, इंटरनेट. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा नंबर. तिसरी ओळखपत्रांची. चौथी बँक आणि विम्याची. पाचवी दवाखान्याची. सहावी फाईल करायची नाही. केली की तिचं नाव ‘इतर’ होतं. (हशा)

या फाईली माळ्यावर टाकायच्या नाहीत. घरातल्या सगळ्यांचा हात पोचेल अशा ठिकाणी ठेवायच्या. बिलांची फाईल तर फोन चार्जिंगला लावता तिथेच ठेवा.

दुसरं काम रद्दीचं. सामान लावताना आपण ढीगभर कागद टाकतो. जुनी पासबुकं, आधारच्या झेरॉक्स, कुरिअरची खोकी. खोक्यावरच्या चिठ्ठीवर काय असतं? नाव, पूर्ण पत्ता, मोबाईल नंबर. उद्या कोणी फोन करून म्हणतो, ‘काकू, अमुक सेक्टर, तमुक बिल्डिंग, तुमचं पार्सल अडकलंय,’ की आपल्याला वाटतं, याला पत्ता माहीत आहे म्हणजे खराच असणार. पत्ता माहीत असणं हा खरेपणाचा पुरावा नाही. चिठ्ठी फाडा, मग खोकं द्या. आधारची झेरॉक्स चार तुकडे करून टाका.

तिसरं, नव्या गावात सगळेच आधार मागतात. घरमालक, एजंट, सोसायटी, नेटवाला. जिथे चालेल तिथे मास्क केलेलं आधार द्या. आधारच्या संकेतस्थळावरून ते उतरवता येतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. झेरॉक्स देणार असाल तर तिच्यावर आडवं लिहा, ‘फक्त भाडेकरारासाठी’ आणि तारीख. पेनाची एक ओळ, पण त्याच कागदावर दुसरं काम करायचं तर माणूस दोनदा विचार करतो. आणि झेरॉक्सच्या दुकानात आपण कागद व्हॉट्सॲपवर पाठवतो ना? प्रिंट हातात आल्यावर तिथेच उभं राहून मेसेज ‘सगळ्यांसाठी’ डिलीट करा, आणि दुकानदाराच्या संगणकावर फाईल उतरली असेल तर तीही त्याला काढायला सांगा. त्यात लाज कसली?

चौथं, पत्ता बदलायची कामं. बँक, आधार, मतदारयादी, विमा. मतदारयादीत पत्ता बदलायला अर्ज क्रमांक आठ असतो. ही यादी कागदावर लिहून फ्रिजवर लावा. कारण याच कामांच्या नावाने मेसेज येतात, ‘केवायसी संपलं’, ‘आधार बंद होणार’. यादीत बँकेपुढे ‘१२ तारखेला शाखेत जाऊन केलं’ असं लिहिलेलं असलं की त्या मेसेजचं काय करायचं ते तुम्हाला आपोआप कळतं.

फोनही लावून घ्या

घर लावतो तसा फोन लावायचा. अर्ध्या तासाचं काम आहे.

संचार साथी नावाचं सरकारी संकेतस्थळ २०२३ पासून आहे. त्यावर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं. तुमचं नसलेलं सिम दिसलं तर तिथेच कळवता येतं. फोन हरवला तर तो बंद पाडायची सोय तिथेच आहे.

बँकेच्या ॲपमध्ये जाऊन रोजची मर्यादा कमी करा. भाजी आणि औषधाला रोज लाखाची मर्यादा कशाला? कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद ठेवा. जास्तीचे पैसे ज्या खात्यात असतील, ते खातं यूपीआयला जोडू नका.

आणि यूपीआयचा पिन. पिन लागतो पैसे द्यायला. पैसे घ्यायला कधीच लागत नाही. जुनं कपाट विकायला काढलं आणि घेणारा म्हणाला, ‘क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील,’ तर कपाट राहू द्या, फोन ठेवून द्या. घर बदलताना जुनं फर्निचर विकणाऱ्यांना हा फोन हमखास येतो.

व्हॉट्सॲपवर आलेली, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली फाईल उघडायची नाही. ती फोटो नसते, पत्रिका नसते, ते ॲप असतं. एकदा आत आलं की तुमचे मेसेज वाचतं, म्हणजे ओटीपीसुद्धा. उन्हाळा म्हणजे लग्नसराई. ‘आमच्या घरचं कार्य आहे, पत्रिका उघडा,’ असं लिहून ही फाईल येते. कधी वाहनाच्या दंडाची पावती म्हणून येते. ओळखीच्या नंबरवरून आली तरी आधी फोन करून विचारा. त्यांचा फोन दुसऱ्याच्या ताब्यात असू शकतो.

आता उन्हाळा

एवढं सगळं सांगितल्यावर घाबरून घरात बसू नका. उलट बाहेर पडा. मला वॉचमनच्या त्या वाक्याने शिकवलं की गावाची ओळख हेसुद्धा एक कुलूप आहे.

मी दुसऱ्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी बाहेर पडायला लागले. पहिला शोध स्टेशनवर लागला. मला ठाण्याला जायचं होतं. एक बाई म्हणाल्या, ‘वाशीहून सुटणारी ठाणे गाडी इथे थांबते. पनवेलहून येणारी ठाणे गाडी जुईनगरवरून थेट तुर्भ्याला जाते, ती इथे येतच नाही.’ त्या बाई आज माझ्या मैत्रीण आहेत, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. (टाळ्या)

मग एपीएमसीचं फळ मार्केट. सानपाड्याच्या माणसाला हापूस ऑनलाइन मागवायची गरजच काय? देवगड-रत्नागिरीच्या पेट्या आपल्या दारातच उतरतात. चौघींनी मिळून एक पेटी घ्यावी, गच्चीवर वाटून घ्यावी. अनोळखी पानावर जाहिरात बघून आगाऊ पैसे भरले आणि आंबा आलाच नाही, ही तक्रार मी दर मोसमात ऐकते. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ते कोकणातल्या पाच जिल्ह्यांसाठी: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. पण जाहिरातीत ‘अस्सल देवगड’ लिहायला काय लागतं? मार्केटात पेटी उघडून वास घेता येतो. फोनला वास येत नाही.

रस्त्यावर ताडगोळे येतात, जाम येतात, जांभळं येतात. ताडगोळा घेताना नखाने टोचून बघू नका, विकणारी बाई रागावते, मी अनुभव घेतलाय. (हशा) त्यांनाच विचारा, कोवळा देतात.

आणि फ्लेमिंगो! मिरजेत मी हे चित्रातच पाहिले होते. पाम बीच रस्त्याने नेरूळकडे गेलं की खाडीकाठच्या पाणथळ जागांवर मे अखेरपर्यंत दिसतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सकाळी लवकर जा, टोपी घाला, पाणी न्या. दुपारी बारा ते चार घरातच बरं. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि आपल्याला कळायच्या आत थकवा येतो. कोकम सरबत, ताक, लिंबूपाणी चालू ठेवा.

सुट्टीत कोकणात जाणार असाल तर एवढंच: फोटो बघून घरगुती निवासाचे पैसे आगाऊ भरण्याआधी तिथल्या कोणालातरी विचारा. आपल्या सोसायटीत वेंगुर्ल्याचे आहेत, गुहागरचे आहेत. केदारनाथचं हेलिकॉप्टर असेल तर त्याचं आरक्षण आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरच होतं. बाकीची पानं कितीही चकचकीत असली तरी बंद करा.

झालंच तर

माझे पैसे गेले तेव्हा मी आठ वाजता १९३० ला फोन केला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. पैसे गेल्यावर पस्तीस मिनिटांत मी बोलले होते. त्यांनी विचारलं ते असं: कुठल्या बँकेतून, किती, किती वाजता, व्यवहाराचा क्रमांक काय. तो क्रमांक बँकेच्या मेसेजमध्ये असतो, म्हणून मेसेज पुसू नका. चोराने पैसे ज्या खात्यात वळवले तिथे ते अडवायचा प्रयत्न होतो. माझे ३१,००० रुपये अडवले गेले. १७,५०० तोपर्यंत काढून झाले होते. अडवलेले पैसे लगेच मिळाले नाहीत, तेव्हा कोर्टाचा आदेश लागला. मला पाच महिने लागले. पण मिळाले.

तोवर बँकेला कळवून कार्ड बंद केलं. ते ॲप काढलं, पासवर्ड बदलले. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार पुरी केली आणि पोलीस ठाण्यात गेले. बँकेला कळवण्याची वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला यावर परिपत्रक काढलं होतं. आपल्या चुकीने गेलेले पैसे आपले गेले, पण कळवल्यानंतर जे जातील त्याची जबाबदारी बँकेवर येते. म्हणून एक-एक मिनिट महत्त्वाचं.

आता प्रश्न घेऊया.

*प्रश्न: व्हिडीओ कॉलवर पोलीस गणवेशातला माणूस म्हणाला, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे. तेव्हा काय करायचं?*

कॉल बंद करायचा. कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही हे सांगितलं होतं. कुठलाही पोलीस व्हिडीओ कॉलवर चौकशी करून पैसे भरायला सांगत नाही. आणि तो काय म्हणतो? ‘कोणाला सांगू नका, खोलीतून बाहेर जाऊ नका.’ म्हणजे त्याला तुमची भीती नाही, तुमच्या शेजाऱ्याची भीती आहे. तेव्हा दार उघडा आणि शेजारच्यांना हाक मारा. सानपाडा पोलीस ठाणे आपल्या जवळ आहे, चालत जाऊन विचारा.

*प्रश्न: माझ्या भाच्याला इथे भाड्याने घर हवंय. फोटो बघून टोकन भरायला सांगतात.*

घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपया नाही. मालक खरा आहे का ते सूची क्रमांक दोनवरून कळतं. सोसायटीच्या कार्यालयात विचारलं की देखभालीची पावती कोणाच्या नावे आहे तेही कळतं. ‘मी सैन्यात आहे, बदलीवर आहे, चावी कुरिअरने पाठवतो,’ असं म्हणणारा मालक असेल तर दुसरं घर बघा. आणि करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार तो नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे.

*प्रश्न: (एक ज्येष्ठ श्रोते) माझे मागच्या महिन्यात गेले. घरी सांगितलेलं नाही. मुलगा म्हणेल, बाबांच्या हातात फोनच देऊ नका.*

काका, हे सगळ्यांसमोर बोललात, त्याबद्दल आधी तुमचे आभार. मीसुद्धा त्या रात्री मुलाला तासभर काही बोलले नाही. स्वयंपाक करत राहिले. बँकेत काम केलेली आई, तिला कसं सांगावं? शेवटी जेवताना सांगितलं. तो रागावला, खरं सांगते, रागावला. मग उठून त्यानेच माझा फोन घेतला आणि सगळे पासवर्ड बदलले.

एक महिना झालाय, तरी तक्रार करता येते. पैसे मिळतील असं मी सांगत नाही. पण ज्या खात्यात गेले ते नोंदीत येईल, पुढचा कोणी वाचेल. तुमच्याकडे बँकेचे मेसेज आहेत? आहेत ना? मग सोमवारी सकाळी दहाला मी खाली गेटपाशी उभी राहते. दोघं मिळून जाऊ. आणि आज घरी गेल्यावर मुलाला सांगा. रागावला तर त्याला माझा फ्लॅट नंबर द्या.

बरं, कोकम सरबत आलेलं आहे. बिलांची फाईल कोणाकोणाची सापडत नाही, ते सरबत पिता पिता सांगा.